कंटाळ्याची कुळकथा

व्याकरणाचा तास, आणि तोही दुपारच्या सुट्टीनंतरचा, म्हणजे शिक्षकाची कसोटीच असते. फळ्याकडे तोंड वळले रे वळले, की मागच्या बाकावरून एक जांभई ऐकू येते. ती दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला, आणि पाहता पाहता साऱ्या वर्गावर तिचे राज्य पसरते. जांभई देणाऱ्यास आपण रागे भरतो. परंतु त्याला जे झाले आहे त्यास नेमके काय म्हणावे, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज त्या मनोविकाराच्या नावांची कुळकथा आपण पाहणार आहोत. हा विषय मला सुचला तो माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे, म्हणून आधी ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गास मी ‘वसतिगृहातील माझा रविवार’ हा निबंध लिहावयास दिला होता. औरादकडील एका खेड्यातून आलेल्या मुलाने लिहिले होते, की रविवारी दुपारी आपल्याला फार बेसर होते. मी ‘बेसर’ या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली, समासात ‘कन्नड शब्द’ असा शेरा मारला आणि वर ‘कंटाळा येतो’ असे शुद्ध मराठी लिहून दिले. वही परत घेताना तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, कंटाळा नाही येत. बेसर होते.” मी त्या वेळी हसून त्यास जागेवर बसविले. परंतु त्याचे ते वाक्य मनातून जाईना. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असेल, तर त्याने दुरुस्ती का नाकारावी? त्या रात्री मी कोश उघडले.

आपल्या बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत शब्दांचा शोध घेणे जितके मौजेचे, तितकेच अवघड आहे. येथे घरात एक भाषा, बाजारात दुसरी, आणि कित्येकदा शेजाऱ्याच्या ओसरीवर तिसरी असते. कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू या चार भाषा शतकानुशतके येथे एकाच विहिरीवर पाणी भरीत आल्या आहेत. १९५६ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आपले जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदरचे तालुके मराठी मुलखाकडे गेले. नकाशावरील रेघ अशी एका दिवसात ओढता येते. शब्दांना मात्र तशी रेघ ठाऊक नसते. ते दोन्ही बाजूंच्या बाजारांस जातात.

मी स्वतः कोकणी घरातला. आमच्याकडे कंटाळलेला माणूस ‘म्हाका वाज येता’ असे म्हणतो. या शाळेत मी नवा असताना एकदा भर वर्गात माझ्या तोंडून ‘वाज आला’ असे शब्द निघून गेले, तेव्हा घंटा वाजली असे समजून मुले दप्तरे आवरू लागली! तेव्हा घरचा शब्द परक्या कानावर पडला म्हणजे काय होते, याचा अनुभव मला आधीच होता. तरीही त्या मुलाच्या शब्दावर मी रेघ ओढली, हे विशेष.

आता मूळ शोधास लागू. प्रथम आपला ‘कंटाळा’ घेऊ. गुजराती भाषेतही हा शब्द ‘कंटाळो’ या रूपाने नांदतो. त्याचे नाते संस्कृत ‘कण्टक’, म्हणजे काटा, या शब्दाशी जोडले जाते. काट्याचा आणि कंटाळ्याचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. थंडीने, भीतीने किंवा किळस आली असता अंगावरील केस ताठ उभे राहतात, त्यास आपण ‘अंगावर काटा आला’ असे म्हणतो. संस्कृतातही ‘कण्टकित’ म्हणजे अंगावर रोमांच उठलेला. नकोशा वस्तूच्या नुसत्या आठवणीने अंग शहारते, तो हा काटा. म्हणजे कंटाळ्याची मूळ जागा मनापेक्षा कातडीवर आहे.

ही कल्पना केवळ आपलीच नव्हे, हे पाहून मला मोठे आश्चर्य वाटले. प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत ‘होर्रेरे’ म्हणजे केस ताठ उभे राहणे. त्यास ‘पासून दूर’ अशा अर्थाचा ‘अब्’ हा उपसर्ग लागला, आणि ‘एखाद्या गोष्टीपासून शहारून मागे सरणे’ या अर्थाचे क्रियापद झाले. त्याच क्रियापदापासून स्पॅनिश भाषेत ‘अबुर्रिर’, म्हणजे कंटाळा आणणे, हा शब्द जन्मला. गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत ज्यांचे राज्य होते, त्या पोर्तुगीजांच्या भाषेतही त्याचे भावंड आहे. गंमत पुढेच आहे. लॅटिन ‘होर्रेरे’ आणि संस्कृत ‘हृष्’ हे धातू एकाच मुळाचे होत. ‘रोमहर्ष’ या शब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. पुढे आपल्याकडे केस उभे राहिले ते आनंदाने, आणि त्यातून ‘हर्ष’ आला. तिकडे ते तिटकाऱ्याने उभे राहिले आणि त्यातून कंटाळा आला. हर्ष आणि स्पॅनिश माणसाचा कंटाळा हे असे दूरचे चुलत भाऊ आहेत!

दुसरा शब्द ‘वीट’. हा पुल्लिंगी आहे, हे ध्यानात ठेवा. ‘वीट आला’ म्हटले, तर ती मनाची स्थिती. ‘वीट आली’ म्हटले, तर तो भट्टीवरचा माल. बांधकामाची वीट संस्कृत ‘इष्टका’ या शब्दापासून आली आहे. तिचा आणि या विटाचा काहीही संबंध नाही. हा वीट ‘विटणे’ या क्रियापदाच्या घरचा. धुऊन धुऊन कापडाचा रंग विटतो. रोज तीच भाजी खाऊन तोंड विटते. मूळ वस्तू वाईट होती असे नव्हे, ती अति झाली. तेव्हा वीट म्हणजे रंग आणि रुची गेल्याची खूण. ज्याला गोड खाण्याचा प्रसंगच येत नाही, त्याला गोडाचा वीट येत नाही.

तिसरा ‘उबग’. याचे मूळ संस्कृत ‘उद्वेग’ या शब्दात आहे. पाली भाषेत त्याचे ‘उब्बेग’ झाले, आणि आपल्या ‘उबग’ या रूपात तोच ध्वनी ऐकू येतो. संस्कृतातील ‘द्व’ पुढे ‘ब’ होतो, हे नवल नाही. ‘द्वादश’ या शब्दाचे आपण ‘बारा’ केले, आणि ‘बे एके बे’ म्हणताना तुम्ही लहानपणी रोज ‘द्वे’ हा संस्कृत शब्दच घोकीत होता. उद्वेगातील ‘विज्’ धातूचा अर्थ थरथरणे, दचकून हलणे असा आहे. म्हणून उबग हा सुस्त पडलेल्या माणसाचा विकार नव्हे. आता येथून उठून कोठे तरी निघून जावे, असे वाटावयास लावणारी ती अस्वस्थता आहे.

हिंदीतील ‘ऊबना’ हे क्रियापदही याच उद्वेगाच्या घराण्यातले मानले जाते. येथे मराठी मुलांची हमखास फसगत होते. हिंदीच्या पुस्तकात ‘ऊब’ शब्द भेटला, की आपल्याला आईच्या गोधडीची ऊब आठवते. हिंदी लेखकाला तर कंटाळा म्हणावयाचा असतो. सारख्या दिसणाऱ्या शब्दांना सख्खे भाऊ समजू नये, हा शब्दशास्त्राचा पहिला धडा होय.

तोच धडा आपल्या गावच्या दोन शब्दांना लागू पडतो. ते शब्द म्हणजे ‘बेजार’ आणि ‘बेसर’. बेजार हा फारसी. फारसीत ‘बेज़ार’ म्हणजे एखाद्या गोष्टीपासून मन फिरलेला, तिला विटलेला. बहमनी सुलतानांची राजधानी आधी कलबुर्गी आणि मग पंधराव्या शतकात बीदर झाली; इराणातील गिलान प्रांतातून आलेल्या महमूद गवानाने १४७२ साली बीदरला आपला प्रसिद्ध मदरसा उभारला. जेथे दरबार, कचेरी आणि विद्यापीठ फारसीत चालत होते, तेथील लोकांच्या तोंडी फारसी शब्द रुळले नसते, तरच नवल. पुढे प्रत्येक भाषेने त्या शब्दाला आपल्या मापाचा अंगरखा शिवला. मराठीत डास माणसाला ‘बेजार’ करतात, दुखणे ‘बेजार’ करते; म्हणजे त्यात त्रासाचा भाग मोठा. कन्नडमध्ये ‘बेजारु’ म्हणजे कंटाळा, आणि मन खट्टू होणेही.

‘बेसर’ मात्र फारसी नव्हे. ‘बेजारु’ आणि ‘बेसर’ हे शब्द आज एकाच बोलण्यात शेजारी शेजारी येतात. अर्थानेही जवळचे आहेत. त्यामुळे एक दुसऱ्याचा अपभ्रंश असावा असे कोणासही वाटेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु बेसर हा द्राविड भाषांचा स्वतःचा जुना शब्द आहे. तेलुगूत त्याचे भावंड ‘वेसारु’, म्हणजे थकणे, विटणे. तमिळमध्येही त्याचे नातेवाईक आहेत. तेलुगूतील आरंभीचा ‘व’ कन्नडमध्ये ‘ब’ होतो. झाडाच्या मुळाला तेलुगूत ‘वेरु’ आणि कन्नडमध्ये ‘बेरु’ म्हणतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊकच असेल. मंगळूरहून १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या किट्टेल यांच्या कन्नड कोशात आणि बरो व एमेनो या विद्वानांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या द्राविड व्युत्पत्तिकोशात या शब्दाला मानाचे स्थान आहे. ज्याला मी अशुद्ध म्हणून तांबड्या शाईने खोडले, तो शब्द असा खानदानी निघाला!

मग त्या मुलाने माझा ‘कंटाळा’ का नाकारला? याचे उत्तर देण्यापूर्वी आपण थोडे दूर, युरोपात जाऊन येऊ. जर्मन भाषेत कंटाळ्याला ‘लांगेवाइले’ म्हणतात. ‘लांग’ म्हणजे लांब, आणि ‘वाइले’ म्हणजे वेळ. लांबलेला वेळ हाच कंटाळा. उलट करमणुकीला त्यांच्याकडे ‘कुर्त्सवाइल’, म्हणजे आखूड वेळ, असा जुना शब्द आहे. घड्याळ तेच, परंतु परीक्षेच्या शेवटच्या प्रश्नाच्या वेळी जी दहा मिनिटे चुटकीसरशी जातात, तीच गाडीची वाट पाहताना सरत नाहीत, हे आपण सारे जाणतो.

इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात एव्हाग्रियस नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी होऊन गेला. एकांतात राहणाऱ्या तपस्व्यांना भर दुपारी ग्रासणाऱ्या एका अवस्थेचे त्याने सूक्ष्म वर्णन केले आहे. सूर्य जागचा हलतच नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा भासतो, झोपडी नकोशी होते आणि आप्तेष्टांची आठवण येऊ लागते. या अवस्थेस ग्रीक भाषेत ‘अकेदिया’ म्हणत. त्यातील ‘अ’ आपल्या ‘अ’सारखाच नकारार्थी, आणि ‘केदोस’ म्हणजे आस्था, काळजी. कशाचीच आस्था न उरणे, म्हणजे अकेदिया. पुढील काळात युरोपातील धर्मोपदेशकांनी तिची गणना आळसात केली आणि ती पापांच्या यादीत गेली. दुःखी माणसाला आळशी ठरविण्याची चूक आपल्या घरांतून आणि शाळांतूनही होत असते, ती अशी फार जुनी आहे.

फ्रेंच भाषेतील ‘आन्वी’ हा शब्द ‘द्वेषास पात्र होणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगातून निघाला. आणि ज्या इंग्रजी शब्दाने आज आपल्या तोंडातील बाकीचे सर्व शब्द हुसकून लावले आहेत, त्या ‘बोअर’चे काय? कंटाळा या अर्थाने तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत दिसू लागतो, आणि त्याचे मूळ इंग्रजी कोशकारांनाही निश्चितपणे लागलेले नाही. ‘बोअरडम’ हे भाववाचक नाम तर एकोणिसाव्या शतकातले. डिकन्स यांच्या १८५२-५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीने ते विशेष रूढ केले. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘बोअर’ म्हणजे जमिनीत खोल मारलेली कूपनलिका. तिला निदान पाणी तरी लागते!

आता आपल्या मराठीकडे परत येऊ. मराठीत या घराण्यातला आणखी एक शब्द आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत सुंदर आहे. तो शब्द म्हणजे ‘करमत नाही’. ‘करमणे’ या क्रियापदाचे नाते संस्कृत ‘क्रम्’, म्हणजे पाऊल टाकणे, पुढे सरणे, या धातूशी सांगितले जाते. ‘कालक्रमणा’ या शब्दातही तोच धातू आहे. करमत नाही, म्हणजे वेळेचे पाऊल पुढे पडत नाही. यातूनच ‘करमणूक’ आली. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली आपल्या साप्ताहिकास हेच नाव दिले होते. जर्मन माणसाचा लांबलेला वेळ तो हाच. परंतु मराठीने त्यात एक भर घातली आहे. आपल्याला नुसते करमत नाही असे नव्हे. कोणावाचून तरी करमत नाही. आईवाचून करमत नाही, मित्रावाचून करमत नाही, गावावाचून करमत नाही. वेळ का थांबला, त्याचे कारण त्या वाक्यातच सांगितलेले असते.

कोश मिटल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावून घेतले आणि रविवारी काय होते, ते विचारले. वसतिगृहातील इतर मुलांचे आईवडील रविवारी डबे घेऊन भेटीस येत. याच्या घरची माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दूर गेलेली. ती होळीच्या सुमारास परतावयाची. तोवर त्याच्याकडे कोणी येण्याजोगे नव्हते. तो खोलीत अभ्यास करी, पुस्तके वाची, अंगणात चेंडू खेळे. कशाचाही त्याला कंटाळा नव्हता. कन्नडमधील ‘बेसर’ या शब्दात कंटाळा आहे, थकवा आहे, आणि मनाला लागलेले दुःखही आहे. त्याने नेमका तो शब्द वापरला होता. मराठीतच सांगावयाचे तर मी ‘करमत नाही’ असे सुचवावयास हवे होते. मी ‘कंटाळा येतो’ असे लिहून त्याच्या खऱ्या वाक्याचे खोटे वाक्य केले, आणि वर त्याला शुद्ध म्हटले. त्या दिवशी वहीतील माझी दुरुस्ती मी माझ्या हाताने खोडली.

मित्रहो, एवढी कुळकथा सांगण्याचे कारण हेच. पंचपक्वान्नांचा वीट येतो, त्यावर उपाय म्हणजे चार दिवस भाकरी खाणे. एकाच जागी बसून उबग येतो, त्यावर उपाय म्हणजे उठून माळावर फिरून येणे. अभ्यासाचा कंटाळा येतो, तेव्हा बहुधा एखादी पायरी समजलेली नसते. ती कोणास तरी विचारून घ्यावी. आणि करमत नाही तेव्हा यांपैकी कशाचाही उपयोग नसतो. तेव्हा माणूसच भेटावे लागते. रोग निराळे, औषधे निराळी. या सर्वांस आपण ‘बोअर झाले’ या एकाच नावाने हाक मारू लागलो, तर ऐकणाऱ्याला काय कळणार? आणि कालांतराने आपले आपल्याला तरी काय कळणार?

सरहद्दीवरील मुलांची भाषा भेसळीची, असे आपल्याला पुष्कळदा ऐकावे लागते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहावयास हवे, यात शंका नाही. आणि ती तुम्हांला यावी यासाठीच आम्ही शिक्षक आहोत. परंतु ज्याच्या घरी एका भावनेसाठी चार भाषांतील शब्द आहेत, त्याला गरीब म्हणता येणार नाही. जवळच हुमनाबादेस एकोणिसाव्या शतकात होऊन गेलेल्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी अशा अनेक भाषांतून पदे रचली. या भागातील मनाला एकाहून अधिक भाषांत बोलण्याची सवय जुनीच आहे.

तेव्हा येत्या सुट्टीत एक काम करा. एक लहान वही घ्या, आणि आजी, आजोबा, शेजारची बीबी, बाजारातील भाजीवाली मावशी, यांना विचारा : काम नकोसे झाले की तुम्ही काय म्हणता? घर खायला उठले की काय म्हणता? मुलगी सासरी गेली, त्या दिवशी काय म्हणालात? त्यांचे शब्द जसेच्या तसे, त्यांच्या उच्चारासह लिहून घ्या. शब्दामागे त्यांनी सांगितलेला प्रसंगही लिहा. शाळा उघडल्यावर ती वही मला दाखवा.

आणि एखाद्या शब्दाखाली माझ्याकडून पुन्हा तांबडी रेघ ओढली गेली, तर औरादकडच्या त्या मुलासारखे हळूच, पण स्पष्ट सांगा, “सर, मला हाच शब्द म्हणावयाचा आहे.”